वाचकांचे प्रश्न : मुलींना नेमका कसा पुरुष हवा असतो?

या वेळी तीन पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. एक डिचोलीचं, एक मडगावचं, एक फोंड्याचं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वकिली करत होते तेव्हा मोडायला आलेले संसार माझ्यासमोर येऊन बसायचे. आता संसार सुरू होण्याआधीच अडखळलेली मुलं-मुली लिहितात. प्रश्न मात्र फिरून तोच: पुरुषाने पुरुष म्हणून नक्की काय करायचं असतं?

*

ताई, मी २८ वर्षांचा. घर डिचोली तालुक्यात, नोकरी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, शिफ्टची. पणजीत बँकेत काम करणाऱ्या एका मुलीवर माझं प्रेम आहे, तिचंही आहे. तिचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त. मार्चमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. त्या आठवड्यात मिरामारला तिच्या शेजारी बसलो असताना मला रडू आवरलं नाही. ती काही बोलली नाही, हात धरून बसली. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, संपलं तुझं, रडणारा पुरुष मुलीच्या मनातून कायमचा उतरतो. त्याने व्हिडिओ पाठवले. त्यात सांगतात, मुली तोंडाने हळवा पुरुष मागतात, भाळतात मात्र कठोर माणसावर. मेसेजला लगेच उत्तर द्यायचं नाही, आपण होऊन फोन करायचा नाही, दुसऱ्या मुलीही आपल्या मागे आहेत असं भासवायचं. अल्फा व्हायचं. दोन-तीन महिने मी तसाच वागतोय. आता ती म्हणते, तू कोण झालायस मला कळत नाही. माझे बाबा ट्रकवाले. खाणी बंद झाल्या तेव्हाही ते कुणासमोर रडले नाहीत. मला खरं सांगा, मुलींना नेमका कसा पुरुष हवा असतो?

*

आधी बाबांविषयी. अर्धांगानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत व्यायाम नियमित झाला तर हातापायांची हालचाल पुष्कळ परत येऊ शकते. घरातल्या धावपळीत फिजिओथेरपी मध्येच सोडू नका.

आता तुझं. ‘मुलींना’ काय हवं असं तू विचारतोस, पण तुझ्यापुढे मुलगी एकच आहे आणि तिने उत्तर दिलेलं आहे. तू रडलास तेव्हा ती उठून गेली नाही, हात धरून बसली. तू घड्याळ बघून मेसेज करू लागलास तेव्हा ती बिथरली. दोन्ही गोष्टी तुझ्याच पत्रात आहेत. ज्या माणसाने तिला कधी पाहिलंही नाही त्याचं तू ऐकलंस, आणि जी शेजारी बसली होती तिला विचारलंच नाहीस.

व्हिडिओत सगळं खोटंच असतं असं म्हणून मी तुझी बोळवण करणार नाही. डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ३७ समाजांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. जोडीदाराची कमाई बायकांना पुरुषांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते आणि रूप पुरुषांना जास्त, असं त्यात ठळक दिसलं. व्हिडिओवाले एवढाच तुकडा उचलतात. त्याच पाहणीत स्त्री-पुरुष दोघांच्याही यादीत सर्वांत वर होते ते परस्परांची ओढ, भरवशाचा स्वभाव, मनाचं स्थैर्य, समजूतदारपणा, बुद्धी. कमाई त्यांच्या बरीच खाली. पुढे १९९९ मध्ये ॲलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासली. ज्या देशांत बायकांच्या हातात पैसा आणि अधिकार जास्त होता, तिथे कमाईच्या बाबतीतला स्त्री-पुरुषांमधला हा फरक कमी होता. म्हणजे ज्या बाईला स्वतःच्या पोटापाण्यासाठी नवऱ्याच्या पाकिटाकडे बघावं लागत नाही, ती त्या पाकिटाला तेवढी किंमत देत नाही. तुझी मैत्रीण बँकेत नोकरी करते. तिच्या पगाराच्या आकड्याने तू घाबरायचं काही कारण मला दिसत नाही.

‘मुली बोलतात एक आणि निवडतात दुसरं’ या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे, पण ते तुला सांगितलं गेलं तसं नाही. पॉल ईस्टविक आणि ईलाय फिंकेल यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना आधी विचारलं, तुम्हाला कसा जोडीदार हवा. मग त्यांच्या एकामागून एक थोड्या मिनिटांच्या भेटी घडवल्या. आधी सांगितलेल्या आवडीवरून प्रत्यक्षात कोण आवडेल याचा अंदाज बांधता आला नाही. मुलींचा नाही आणि मुलांचाही नाही. समोर हाडामांसाचा माणूस आला की आपण मनातली यादी विसरतो, सगळेच विसरतो. यात मुलींचं कपट कुठे आलं? आणि हे खरं असेल तर कुणाच्याही यादीप्रमाणे स्वतःला घडवण्यात काही अर्थ उरत नाही, व्हिडिओवाल्यांच्या तर नाहीच.

पण तुझ्या पत्रातली मला सर्वांत लागलेली ओळ बाबांची आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणपट्ट्यातली घरं मी जवळून पाहिली आहेत. कर्ज काढून ट्रक घ्यायचा, खाणीवरचं खनिज नदीच्या धक्क्यावर नेऊन टाकायचं, जितक्या खेपा तितका गावात मान. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मधे काही सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. त्या वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या बायका बँकेच्या हप्त्यांविषयी बोलायच्या, पण जास्त बोलायच्या ते नवऱ्याच्या गप्प बसण्याविषयी. “दारातल्या ट्रककडे बघत बसतो. मी चवथीच्या नेवऱ्यांच्या ऑर्डरी घेतल्या तर जेवायला उठत नाही. मुलांनी वह्या मागितल्या की घराबाहेर निघून जातो.”

ते वाईट पुरुष नव्हते. आपण कमावतो म्हणून आपण आहोत, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरवलेलं होतं. कमाई गेली तेव्हा आपण कोण हे सांगायला त्यांच्याकडे काही उरलं नाही, आणि रडायची तर मुभाच नव्हती. त्यांतले कितीतरी दारूत गेले. तुझे बाबा रडले नाहीत हे तू अभिमानाने लिहितोस. मला ते वाचून त्यांची काळजी वाटली.

त्याच काळातले एक गृहस्थ माझ्या लक्षात आहेत. बायकोने घरगुती खाण्याच्या ऑर्डरी सुरू केल्या. काही महिने ते नुसते बसून होते, मग एक दिवस डबे स्कूटरवर घालून पोचवायला निघाले. सुरुवातीला गिऱ्हाइकाच्या दारातही हेल्मेट काढत नसत, कुणी ओळखेल म्हणून. हळूहळू हेल्मेट निघालं, हिशेबाची वही त्यांच्याकडे आली, सामान कुठे स्वस्त मिळतं ते तेच शोधू लागले. बायको घटस्फोटाचं विचारायला माझ्याकडे आली होती. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, आता तो परत मला आवडायला लागलाय.” ट्रक परत आला नव्हता. कमाई बायकोचीच होती. त्या माणसाने आपल्या वाट्याचा भार शोधला आणि उचलला.

इतक्या घरांकडे बघून माझं मत असं झालंय. बाईला ओढ वाटते ती समोर येऊन आपला भार उचलणाऱ्या पुरुषाची. तो रडतो की नाही, जास्त कमावतो की कमी, हे त्याच्या मागून येतं. तुझ्यावर आज आजारी वडील आहेत, शिफ्ट आहे, घर आहे. हे सगळं तू सांभाळतोयस, आणि असं असताना स्वतःला कच्चा समजतोस.

एवढं मात्र जप. मन मोकळं करायला ती एकटीच राहिली तर ती थकेल. भाऊ असेल तर त्याच्याशी बोल, दुसरा एखादा शहाणा मित्र बघ, रात्र रात्र झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

तिला भेटून सरळ सांग की भीतीपोटी व्हिडिओ बघून असा वागलो. पगाराचं मनात आहे तेही सांग. माफी एकदा माग, रोज मागू नकोस. तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवायला तिला वेळ लागेल, आणि कदाचित तिला ते जमणारही नाही. तसं झालं तर ते खोट्या वागण्याचं फळ असेल. अश्रूंमुळे गेली असा अर्थ काढू नकोस, नाहीतर पुढच्या मुलीशीही असाच वागशील.

*

नमस्कार ताई. मी ३१ वर्षांची, मडगावात शिक्षिका. आधी एका मुलाशी नातं होतं. तो आमच्या वाड्यावर दिवाळीत नरकासुराचा पुतळा करणाऱ्या ग्रुपचा म्होरक्या. रात्र रात्र जागून पोरं त्याच्या शब्दावर राबायची, ते बघूनच मी त्याच्यावर भाळले. पुढे तो माझा मोबाइल तपासू लागला, कपडे कुठले घालायचे ते सांगू लागला. मी बाहेर पडले. आता लग्नाच्या ॲपवरून एकाची ओळख झाली आहे. सभ्य, हसरा, स्वयंपाक करतो, इसवण स्वतः साफ करून कापतो. पण काहीही विचारा, “तू म्हणशील तसं.” कुठे जायचं, काय खायचं, घरच्यांना कधी भेटायचं, सगळं मी ठरवते. त्याची ओढच वाटेनाशी झाली आहे. मैत्रीण म्हणते, तुला आतून जुन्या पद्धतीचाच पुरुष हवाय. वर्गात मुलींना समानता शिकवते आणि स्वतः अशी. मी ढोंगी आहे का? (हॉटेलचं बिल कधीतरी त्याने भरावं असंही मला वाटतं. हे लिहायलाही लाज वाटते.)

*

ढोंगी अजिबात नाहीस. मला तू दमलेली दिसतेस.

ठरवणं हेही कामच आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, असं दिसलं. त्यातही दिवसात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ होते आणि बायका ८१. तुझा मित्र त्या २६ जणांतला आहे, हे फार चांगलं. पण उद्या काय शिजवायचं, गॅस कधी मागवायचा, कुणाच्या बारशाला काय न्यायचं, ही डोक्यात चालणारी कामं अशा मिनिटांत येत नाहीत. तुमच्या दोघांत ती सगळी तुझ्याकडे आहेत. तो मासे कापतो, पण कुठले मासे, कुणासाठी, कधी, हे तू सांगेपर्यंत सुरी उचलत नाही. असा माणूस सोबती वाटत नाही, हाताखालचा मदतनीस वाटतो, आणि मदतनिसाची कुणाला ओढ वाटत नाही.

या मुलांविषयी मला माया वाटते, म्हणून त्यांची बाजूही सांगते. हुकूम सोडणारे बाप बघत ही पिढी वाढली. त्यांतल्या चांगल्या मुलांनी मनाशी ठरवलं की आपण तसं व्हायचं नाही. पण मग कसं व्हायचं, हे त्यांना कुणी दाखवलं नाही. ‘तू म्हणशील तसं’ हा त्याच्या दृष्टीने तुझा मान आहे. तुझ्यापर्यंत तो ओझं होऊन पोचतो, याची त्याला कल्पनाही नसेल.

आधीच्या मुलाकडे ओढली गेलीस त्याचीही लाज धरू नकोस. बांबू, गवत, कागद, वर्गणी, एकमेकांवर रुसणारी पोरं, या सगळ्याला धरून ठेवून चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळेपर्यंत काम तडीला नेणं, ही खरीखुरी कर्तबगारी आहे. ती आवडली तर तुझी नजर चांगलीच म्हणायची. फक्त कर्तबगारी आणि मोबाइल तपासण्याची खोड त्या एका माणसात एकत्र होती, म्हणून त्या नेहमी एकत्रच येतात असं तू धरून चाललीस. मैत्रीणही तेच धरून चालली आहे. वाड्यावरची पोरं सांभाळणारा आणि तुझ्या फोनला हात न लावणारा पुरुष असतो. मी असे खूप पाहिलेत, काहींच्या वरातीत नाचलेही आहे.

त्याच्याशी बोल, आणि मग एखादं काम पूर्णपणे त्याच्याकडे दे. येत्या रविवारचं जेवण म्हण. कुणाला बोलवायचं, बाजारातून काय आणायचं, खर्च किती, सगळं त्याचं. हे आधी त्याला सांगून कर, लपून परीक्षा घेऊ नकोस. त्या दिवशी तू सुचवायचं नाहीस. त्याने इसवणाऐवजी बांगडे आणले तर बांगडे खायचे. शिक्षकांना समोरची चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे तुला त्याच्यापेक्षा जड जाईल. पण त्याने ठरवलेलं तू दर वेळी मोडून काढलंस तर तो पुन्हा ‘तू म्हणशील तसं’वर येईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

बिलाचं सरळ सांग की आज तू मला जेवायला ने. पुढच्या वेळी तू त्याला ने. कुणीतरी आपल्यासाठी काही करावं असं वाटण्यात समानता कुठे मोडते?

काही महिने असं करूनही तो जागचा हलला नाही, तुला ओढ वाटली नाही, तर नाही म्हण. माणूस चांगला आहे एवढ्यावर लग्न करायचं बंधन कुणावर नाही. त्यालाही मनापासून आवडणारी बायको मिळायचा हक्क आहे.

*

मी ३४ वर्षांचा, फोंडा तालुक्यातला. आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे, ती वडिलांच्या नावावर. माझं लग्न ठरलंय, लग्ननोंदणीची पहिली सही झाली. आता काका म्हणतात, दुसऱ्या सहीच्या आधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार कर, नाहीतर उद्या बायको अर्धं घेऊन जाईल. होणाऱ्या बायकोला हे सांगितलं तर ती गप्पच झाली. काका म्हणतात, घरचा पुरुष म्हणून हे तूच ठरवायचं असतं. कृपया सांगा, मी काय करावं?

*

तुम्हाला आधी कायदा नीट समजला पाहिजे. लग्नातल्या मालमत्तेबाबत गोव्यात अजून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते, इथे ती १८७० पासून लागू आहे. करार न करता लग्न झालं तर दोघांची मिळकत एकत्र होते. आधीची, नंतरची, वारशाने येणारीसुद्धा. प्रत्येकाचा वाटा अर्धा. घर-जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. वेगळं हवं असेल तर करार लग्नाआधी रीतसर नोंदवून करावा लागतो. लग्नानंतर तो करता येत नाही आणि केलेला बदलता येत नाही. आणि दुसरी सही झाली की कायद्याने तुम्ही नवरा-बायको, मग मंगलाष्टकं कधीही होवोत. सह्या झाल्या, मांडव पडायच्या आधी बिनसलं, आणि मग घटस्फोटासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, अशी मुलं मी पाहिली आहेत.

कुळागर आज वडिलांचं आहे. ते हयात आहेत तोवर त्यात तुमचा हक्क उभा राहत नाही, मग तुमच्या बायकोचा कुठून येणार? ते वारशाने तुमच्याकडे येईल तेव्हा अर्ध्या वाट्याचा प्रश्न येईल. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. तिच्या पगारातून होणाऱ्या फ्लॅटचा, तिला माहेरून मिळणाऱ्या वाट्याचा अर्धा भाग तुमचा होतो. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. ही बाजू काकांच्या बोलण्यात आलेली नाही.

करार करणं गैर नाही. ज्यांचा धंदा कर्जावर चालतो, ज्यांना पहिल्या लग्नाची मुलं आहेत, त्यांना तो करा असं मीच सांगितलेलं आहे. पण तुमच्याकडे मला एका गोष्टीची धास्ती वाटते. लग्नानंतर ती कुळागरात काम करणार आहे का? सुपारी सोलणं, मिरी वाळवणं, गड्यांची जेवणं, पाण्याची पाळी बघणं? मालमत्ता वेगळी ठेवलीत आणि ती आयुष्यभर तिथे राबली, तर म्हातारपणी त्या जमिनीत तिचं काहीच नसेल. अशा बायका माझ्यापुढे येऊन बसल्या आहेत. कागद नियमाप्रमाणे असायचे, त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसायचं.

काकांचं ‘तूच ठरव’ हे जुन्या वळणाचं आहे. त्या संहितेनेही मालकी दोघांची ठेवून कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. तुम्हाला त्या वळणाने जायची सक्ती नाही. ती गप्प झाली, कारण तिच्या आयुष्याचा कागद तिच्या पाठीमागे ठरत होता. तिच्यासोबत बसा, वरच्या सगळ्या गोष्टी तिला सांगा, आणि करार हवा की नको हे दोघं मिळून ठरवा. करायचा ठरला तर मसुदा तिने स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावा. तुमच्या घरच्या वकिलाने दोघांचं बघू नये. कुळागरात ती काम करणार असेल तर तिच्या नावावर काय राहील, ते त्याच मसुद्यात लिहा. हे सगळं होईपर्यंत दुसऱ्या सहीची घाई करू नका. आणि निर्णय कळवायला काकांकडे जाल तेव्हा तिलाही बरोबर घेऊन जा.